मुंबईहून अमेरिकेला जाताना विमान कोठे बदलावे : दुबई की दोहा?

मुलांकडे न्यूयॉर्कला निघालेल्या आई-वडिलांचे तिकीट काढताना घरोघरी भाड्याची तुलना होते, विमान बदलण्याच्या जागेची फारशी होत नाही. सत्तरीतल्या प्रवाशाची खरी दमछाक मात्र तिथेच होते.

पसाऱ्यात दुबईला तोड नाही. १९६० साली सुरू झालेला हा विमानतळ २०१४पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी-संख्येत जगात पहिला आहे. २०२४मध्ये तेथून ९ कोटी २३ लाख प्रवाशांची ये-जा झाली. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियमित उड्डाणे बंद असतात, तसे बंधन दुबईला किंवा दोह्याला नाही. म्हणून भारतातून पहाटे येणाऱ्या आणि सकाळी पश्चिमेकडे सुटणाऱ्या विमानांची सांगड येथे सहज बसते. पण दुबईत टर्मिनल तीन आहेत. एमिरेट्स ही दुबईची विमान कंपनी टर्मिनल ३ वापरते आणि त्याचेही तीन लांबलचक भाग आहेत. स्वस्तातल्या तिकिटात पहिला टप्पा फ्लायदुबई या दुबईच्याच दुसऱ्या कंपनीचा असेल, तर धावपट्ट्यांपलीकडच्या टर्मिनल २वर उतरून बसने यावे लागण्याची शक्यता असते. तिकिटावरचा टर्मिनलचा आकडा त्यासाठीच पाहायचा.

२०१४मध्ये सुरू झालेले दोह्याचे हमद विमानतळ एकाच छताखाली आहे. २०२४मधली प्रवासी-संख्या ५ कोटी २७ लाख, म्हणजे गर्दी तेथेही आहेच. पण दूरच्या गेटकडे नेणारी छोटी रेल्वे टर्मिनलच्या आतच धावते. डोक्यावर दिवा घेतलेले भलेमोठे पिवळे अस्वल मध्यभागी बसलेले आहे. चुकामूक झालीच, तर 'अस्वलापाशी थांबा' एवढे सांगितले की पुरते. इंग्रजी फलक वाचताना बावरणाऱ्या आईसाठी मी निःशंकपणे दोहा निवडेन. वाटेत एक-दोन दिवस शहर पाहायचे असेल, तर दुबईही सोयीची, तेथे टर्मिनल १ आणि ३ यांना मेट्रो थेट जोडलेली आहे.

खोळंबा होणारच नाही, याची हमी कोठेच नाही. १६ एप्रिल २०२४च्या पावसाने दुबई ठप्प झाली, तर २३ जून २०२५ला कतारने हवाई हद्द बंद केल्याने दोह्याचे प्रवासी अडकले. म्हणून दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत, म्हणजे पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकले तरी पर्यायी विमानाची सोय विमान कंपनीला करावी लागते. व्हीलचेअर आधीच नोंदवावी, आणि मुंबईच्या काउंटरवर बॅगेला लावलेल्या पट्टीवर 'जेएफके' ही शेवटच्या विमानतळाची अक्षरे आहेत ना, हे पाहूनच तेथून हलावे.