नव्या डिस्कच्या नावाखाली जुन्याच बसवल्या: ब्रेकचं काम देताना सावध राहा

कारच्या पुढच्या ब्रेक डिस्कची (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्यांची) जोडी ५,८००, त्यांना दाबणारे पॅड २,३५०, मजुरी १,२००. गॅरेजवाल्यानं एकूण ९,३५० रुपये घेतले आणि बसवल्या त्याच जुन्या डिस्क, लेथवर तासून, वर चंदेरी रंग फासून. "नवं कोरं हाय, दोन दिवस चीं-चीं करंल, मग बसंल," असं छातीठोक सांगितलं. चीड या वाक्याची आहे, कारण ते निम्मं खरं असतं. नवे पॅड बसेपर्यंत थोडा आवाज येतो, पण पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये तो कमी होत जातो. इथं तो वाढतच गेला. पन्हाळ्याहून उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं.

गाडी परत नेली तर 'कॅलिपर सर्व्हिस'चे, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या सफाईचे, १,६५० लावले. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना चेसिसचं साधं ग्रीस चोपडलं. त्यानं आतलं रबर फुगतं, पिन जाम होते आणि पॅड डिस्कला घासत राहतो. तिथं ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लागतं, तेही अगदी थोडं. तिसऱ्या खेपेला "दोन्ही कॅलिपर गेलेत, ११,४०० लागतील" म्हणाले, तेव्हा गाडी काढून आणली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुसऱ्या गॅरेजात डिस्क उतरवून जाडी मोजायला व्हर्नियर लावला. जाडी भरली १९.४ मिलीमीटर. थिनरनं रंग पुसल्यावर खाली ठोकलेला आकडा दिसला: किमान २०. डायल गेजवर डिस्क ०.१२ मिलीमीटर डुलत होती, साधारण ०.०५ च्या आत हवी. हबवरचा, म्हणजे डिस्क जिथं बसते तिथला, गंज न घासताच डिस्क चढवली होती आणि चाकाचे नट एअरगननं वाट्टेल तसे आवळले होते. पॅड धरणाऱ्या क्लिपा आणि पॅडमागच्या पातळ पट्ट्या (शिम) जुन्याच.

लक्षात यायला हवं होतं ते गाडी ताब्यात घेतानाच. चाकाच्या फटीतून डिस्कच्या मधल्या खाचा दिसत होत्या, आणि त्यात काळपट, पापुद्रे सुटलेला गंज होता. तो दिसला, आणि पावसाळा आहे म्हणून सोडून दिला. पावसात एका रात्रीत गंज चढतो हे खरं, पण तो घासणाऱ्या तोंडावर चढतो आणि दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. खाचांत असा गंज साचायला वर्षं लागतात! नवी डिस्क तेलकट किंवा कोटिंग केलेली, बंद पिशवीत येते. तिथं दाखवलं ते रिकामं खोकं. जुने भाग मागितले तर "भंगारात गेले." कंपनीचं खोकं समोर धरल्यावर कुणाचाही विश्वास बसेल, त्यात गिऱ्हाइकाचा काय दोष? जुने भाग डिकीत पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

तक्रारीला गेलं तर पोलीस चौकीत "हा दिवाणी मामला." एका कार्यालयात पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल दिलं नाही, हीच तर तक्रार! दुसऱ्या टेबलावर विचारलं, "मग तुम्ही घेतलं का नाही?" तिसऱ्यानं अर्ज घेतला, पोच दिली नाही. चार चकरा, आणि फसवणारा मोकळा. एस्टिमेटच्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. यूपीआयवर गॅरेजऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथंच थांबा.

दुसरीकडे नीट काम झालं: डिस्क ५,२००, पॅड २,१८०, क्लिप-शिम ३४०, ब्रेक क्लीनर २८०, मजुरी ९००. हे ८,९०० आणि आधीचे ११,००० मिळून १९,९०० गेले. हब वायरब्रशनं चकचकीत घासला, डिस्कवरचं तेल क्लीनरनं पुसलं, नट समोरासमोरचे घेत ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळले. मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये अर्धा मिनिट सोडून. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून गार केली. आवाज बंद.

आवाजावरूनही बरंच कळतं. ब्रेक न दाबता सतत घर्रघर्र असेल तर डिस्कमागचा पत्रा वाकून तिला लागलाय का बघा, दहा मिनिटांचं काम. पुढे-मागे घेताना 'कट्ट' झालं तर पॅडच्या क्लिपा बघा. यासाठी कुणी कॅलिपर बदलायला सांगितलं तर उठून या.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद करता येते. त्या दोन डिस्क पोत्यात बांधून ठेवल्यात, मापाच्या चिठ्ठीसकट.