बाहुलीवाले जुने फोटो हवेत? पोर्टोबेलो रोडचा हा स्टॉल बघा

लंडनला पोर्टोबेलो रोडवर शनिवारी अँटिकवाल्यांचा बाजार भरतो ना, तिथे एका आर्केडमध्ये आत कोपऱ्यात जुन्या फोटोंचा स्टॉल आहे. बाहुली घेऊन उभ्या केलेल्या पोरांचे स्टुडिओ फोटो असा वेगळा खोकाच ठेवलाय त्या काकांनी, मी तर तिथेच बसकण मारली.

जास्त माल कॅबिनेट कार्डांचा, म्हणजे साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचाच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, १८६६ नंतर हा साइज चालू झाला. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं असतं, त्यामुळे शोधाशोध करायला मजा येते. बाहुल्या बऱ्याचशा बिस्क, म्हणजे बिनचकाकीच्या चिनीमातीच्या डोक्याच्या, त्या काळात जर्मनीच्या थुरिंगिया भागातून ढिगाने यायच्या. आता गंमत बघा, काही पोरी बाहुलीला नुसतं धरून उभ्यात, ती बहुतेक स्टुडिओचीच असणार, आणि एकीने मात्र केस उडालेली बाहुली अशी घट्ट आवळलीये की ती तिचीच, पैज लावतो! फ्रॉकमधली सगळी मुलीच असतात असंही नाही हं, लहान मुलग्यांनाही तेव्हा फ्रॉकच घालायचे.

एक खटकलं, लेबलं डोळे झाकून लावलीत. मागे मधोमध रेघ (एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पत्ता) असलेल्या ब्रिटिश पोस्टकार्डावर ‘व्हिक्टोरियन’ लिहिलंय, अहो राणी व्हिक्टोरिया गेली १९०१ ला आणि ती रेघ आली १९०२ ला! भाव मात्र घासाघीस केली की उतरतो. सकाळी लवकर जा, दुपारनंतर नुसता उरलासुरला माल असतो. पाचपैकी चार.