वॉरहॅमर ४०,०००चा प्रवेशसंच: भुसावळच्या उन्हाळ्यातले पहिले डाव

लघुमूर्तींच्या युद्धखेळांविषयी मी बरेच ऐकले होते. पण मे महिन्याच्या सुट्टीत बारा वर्षांचा भाचा भुसावळला येणार हे ठरले, तेव्हा कुठे वॉरहॅमर ४०,००० या खेळाचा नवशिक्यांसाठीचा संच मागवला. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने हा खेळ १९८७ मध्ये आणला आणि २०२३ मध्ये त्याची दहावी आवृत्ती काढली. आमचा संच त्याच आवृत्तीचा आहे. ज्या विक्रेत्याकडून तो घेतला त्याचे वेष्टन मात्र इतके तकलादू होते, की खोका एका कोपऱ्यात चेपलेला आला आणि एका मूर्तीची शेपटी आम्हाला चिकटवून घ्यावी लागली.

संचात चिलखतधारी स्पेस मरीनांची पाच जणांची तुकडी, टिरॅनिड या परग्रहावरील जीवांपैकी दहा टर्मागंट, फासे, मोजपट्ट्या, रंग, ब्रश आणि भाग कापण्याची कात्री मिळते. मूर्तींचे भाग चौकटीतून कापून एकमेकांत दाबून बसवायचे असतात, त्यामुळे गोंदाची गरज पडत नाही. एवढ्याशा मूर्तीवरचे कोरीव काम पाहून भाचा पहिला अर्धा तास काही बोललाच नाही.

खरी परीक्षा रंगकामाची होती, आणि खान्देशात हा छंद सुरू करणाऱ्याने ती आधीच समजून घ्यावी. रंगाआधी द्यायच्या अस्तराचा स्प्रे वेगळा घ्यावा लागतो. तो मी दुपारी गच्चीवर मारला, तेव्हा कोरड्या, तापलेल्या हवेत फवाऱ्याचे थेंब मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधीच वाळले आणि दोन मरीनांचा पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत झाला. उरलेल्या मूर्तींना पहाटे साडेपाचला, ऊन चढण्यापूर्वी स्प्रे मारला, तेव्हा अस्तर गुळगुळीत बसले. संचातले रंग पाण्यात कालवायचे असल्यामुळे तेही ताटलीत मिनिटभरात घट्ट होत, आणि कुलरसमोर बसल्यावर तर त्याहून लवकर. शेवटी डब्याच्या झाकणात ओला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर पसरला आणि रंग त्यावर काढले. ते तासभर ओले राहिले. रंगाचा एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत, हा अनुभवी लोकांचा सल्ला पाळणेही त्यानंतरच शक्य झाले.

पुस्तिका एकेक नियम शिकवत नेते आणि हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. ती इंग्रजीत असल्याने मी वाचून मराठीत सांगत असे. पूर्ण मूळ नियम कंपनीने विनामूल्य उपलब्ध ठेवले आहेत. पुस्तिकेतले धडे संपल्यावर आम्ही त्यांकडे वळलो आणि केळीच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पडक्या इमारती कापून मैदान उभे केले.

त्या डावात अंतराचे मोल कळले. मरीनांच्या ज्वालाशस्त्राचा मारा १२ इंचांपर्यंतच जातो, टर्मागंटांचा १८ इंचांपर्यंत. शत्रूवर चाल करून भिडायचे तर जितके इंच सरकावे लागते तितकी तरी दोन फाशांची बेरीज यावी लागते: सात इंचांसाठी ३६ पैकी २१ वेळा ती जमते, नऊ इंचांसाठी केवळ १० वेळा. १८२४ च्या प्रशियन लष्करी सरावखेळातही चकमकींचे निकाल फाशांनीच ठरत असत. मला ही पद्धत योग्य वाटते, कारण दैव हाती नसले तरी किती अंतरावरून त्याला सामोरे जायचे हे खेळाडूच्याच हाती असते.

डाव जिंकायचा तो मैदानावरच्या खुणांवर ताबा ठेवून, मी मात्र शत्रू मारण्याच्या नादात राहिलो. शेवटच्या फेरीत मधल्या खुणेपाशी, म्हणजे तिच्यापासून तीन इंचांच्या आत, माझे पाचही मरीन उभे होते आणि भाच्याचे केवळ चार टर्मागंट. ताबा मोजताना प्रत्येक मरीनचा १ धरतात आणि प्रत्येक टर्मागंटचे २, हे भाच्याने तुकड्यांच्या माहितीपत्रिकेवर आधीच वाचून ठेवले होते.

“मामा, तुमचे पाच झाले, माझे आठ,” तो म्हणाला, आणि खूण त्याच्याकडे गेली.

संच आयात केलेला असल्याने स्वस्त नाही, आणि एक बाजू आपल्या सर्व मूर्ती खेळवत असताना दुसऱ्याला थांबावे लागते. धीर नसलेल्या मुलासाठी तो घेऊ नये. ज्याला हाताने काही घडवायला आवडते त्याच्यासाठी मात्र अवश्य घ्यावा, आणि शक्यतो दिवाळीच्या सुमारास, कारण तेव्हा आमच्याकडे दिवसाही स्प्रे नीट बसतो. खरखरीत झालेले ते दोन मरीन मी तेव्हाच पुन्हा रंगवणार आहे.