एकच रंग सगळीकडे, की सगळ्यांवर एक कॉमन रंग?

मिनिएचर्सचा, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या छोट्या मूर्तींचा, अख्खा ग्रुप एका कलर थीममध्ये रंगवायचा म्हटलं की दोन रस्ते. एक, पूर्ण मॉडेल एकाच रंगाच्या शेड्समध्ये, म्हणजे निळा म्हणजे निळाच, कातडी, चिलखत, तलवार सगळं. दुसरा, बाकी रंग आपले साधे तपकिरी-राखाडी ठेवायचे आणि झगा, ढाल, पिसं असल्या एकदोन जागी तोच एक रंग प्रत्येकावर.

पहिला प्रकार वाटतो सोपा, पण २८ मिमीच्या मॉडेलवर चेहरा कुठे संपतो आणि टोपी कुठे सुरू होते हेच कळेनासं होतं, कारण रंग वेगळा नाही म्हटल्यावर सगळा भार गडद-फिक्यावर येतो. म्हणून आधी काळा प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) आणि मग फक्त वरच्या बाजूने पांढरा स्प्रे मारून घ्यायचा, सावल्या आयत्या मिळतात. भुतं, पुतळे यांना हे भारी दिसतं. लाल मात्र जपून हां, हायलाइटला (उजळ भागांना) पांढरा मिसळलात की गुलाबी झालाच, मी एक अख्खा राक्षस असा गुलाबी करून बसलोय 😅 तिथे नारिंगी मिसळा.

दुसऱ्यात वेळ जास्त जातो, बाटल्याही जास्त उघडाव्या लागतात, पण ऑर्क, एल्फ (कल्पित जमाती), सांगाडा काहीही शेजारी ठेवा, टेबलावर एकाच टोळीचे वाटतात. फक्त तो रंग बाकी कुठे वापरायचा नाही, अगदी बेसवरच्या (मूर्तीखालच्या चकतीवरच्या) फुलांनासुद्धा नाही.

मी स्वतः मोठ्या टोळीला दुसराच प्रकार घेतो, पहिला शेल्फवरच्या एखाद्या भुतासाठी.