बॉक्सिंग-ज्युदोनंतर आठ महिने लष्करी झटापटीचे: माझा अनुभव

तीन वर्षं बॉक्सिंग आणि ज्युदो केल्यावर गेले आठ महिने मी लष्करी पद्धतीच्या हातघाईच्या प्रशिक्षणाला जातोय. आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास. खेळात जे चालत नाही ते शिकायला गेलो होतो: डोळ्यांत बोटं, गळ्यावर हाताच्या कडेचा फटका, गुडघ्यावर लाथ. ते सगळं शिकवतात.

आधी तक्रार. हे घाव जोडीदारावर पूर्ण जोराने घालता येत नाहीत. मग हात हवेत थांबतो आणि समोरचा समजून-उमजून मागे पडतो. सुरीचा बचावही पहिले दोन महिने असाच चालला. रबरी सुरी एकदाच पुढे यायची, मी मनगट धरून पिरगाळायचो. एके दिवशी जोडीदाराला म्हटलं, सुरीऐवजी जाड मार्कर घे आणि हात थांबवू नकोस. त्याने डाव्या हाताने माझी कॉलर पकडली आणि उजवा हात शिवणयंत्राच्या सुईसारखा चालवला. बनियनवर अकरा खुणा, त्यातल्या दोन मानेजवळ. मनगट एकदाही हाती लागलं नाही. पुढच्या खेपांना थोडंफार निभावलं ते ज्युदोमुळे: सुरीच्या हाताला दोन्ही हातांनी घट्ट कवळ, छातीला छाती, पायात पाय घालून खाली. तरी दोन-तीन खुणा उठतातच.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली तेव्हा जीवघेणे डाव मोकळ्या सरावातून बाजूला ठेवले. त्यामुळे उरलेले डाव रोज, पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर घोटता आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना झटापट शिकवणारे फेअरबेर्न स्वतः कोडोकानचे ब्लॅक बेल्ट होते आणि शांघाय पोलिसात वर्षानुवर्षं काढलेले. त्यांनी मोजकेच, सोपे घाव निवडले, कारण सैनिकाला शिकायला वेळ थोडा असतो. आज वर्गात ते घाव तेवढे पोचतात, त्यांच्यामागचा घोटून केलेला सराव पोचत नाही. अमेरिकी लष्करात 1995 च्या सुमारास रेंजर या खास तुकड्यांनी ब्राझिलियन जिउ-जित्सूचा (जमिनीवरच्या पकडींच्या कुस्तीचा) पाया घेतला तो मला म्हणूनच पटतो. त्यांच्या एका सरावात प्रशिक्षक ग्लोव्ह्ज घालून खरे ठोसे मारतो आणि शिकणाऱ्याने ते झेलत क्लिंच, म्हणजे अंगाला अंग भिडवून घट्ट पकड, गाठायचा. आमच्याकडे तो सहाव्या महिन्यात आला; पहिल्याच आठवड्यात यायला हवा होता.

आता जे कुठल्याच खेळाने मला दिलं नव्हतं ते. पाठीवर भरलेली सॅक, अंगात जड जाकीट, गळ्यात नकली रायफल, आणि आधी दहा मिनिटं पळून दम काढलेला. पाठीवर पडलो की सॅकमुळे उलट्या कासवासारखी गत होते. कूस वळवून एका कोपरावर येईपर्यंत समोरचा रायफलीचा पट्टा खेचत असतो. जिउ-जित्सूत निवांत खालून गार्ड खेळणारे, म्हणजे पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवणारे, इथे हवालदिल होतात, कारण दुसरा गडी केव्हाही येतो. नजर फिरती ठेवायची, साथीदाराला हाक मारायची, हत्यार सोडायचं नाही, खाली पडलात तर आधी उठायचं, या सवयी आता मला ज्युदोच्या मॅटवरही सुटत नाहीत.

अगदी नवख्या माणसाने आधी वर्षभर बॉक्सिंग, ज्युदो किंवा कुस्ती करावी, मग इकडे यावं. वर्ग निवडताना एकच बघा: शिकवलेला डाव अडवायची जोडीदाराला मुभा आहे का. मी पुढच्या महिन्यापासून इथे एकच दिवस येणार आणि दुसरा दिवस पुन्हा स्पॅरिंगला (जोडीदाराशी सरावाच्या लढतीला) देणार आहे.