स्विफ्टला १५ इंची अलॉय : नऊ महिने, १४ हजार किलोमीटर, बेळगाव-निपाणी-चोर्ला

गाडी २०१६ ची स्विफ्ट व्हीएक्सआय. कंपनीनं दिलेल्या १४ इंची लोखंडी डिस्क, टायर १६५/८० आर १४, वर प्लास्टिकची कव्हरं. एक कव्हर तवंदी घाटात कुठंतरी उडालं, दुसरं खड्ड्यात फुटलं. उरलेल्या दोन कव्हरांवर गाडी एका बाजूनं नवरदेव आणि दुसऱ्या बाजूनं भिकारी दिसायची. चार कव्हरं नवी घेतली असती तर काम हजार-बाराशेत भागलं असतं. पण दिवाळी तोंडावर होती, मेहुण्यानं नुकतेच अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमा, टाकले होते. पुढचं सांगायला नको.

आता श्रावण लागलाय. आठवड्यातून दोनदा निपाणी, महिना-दीड महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून गोवा, आणि मधेमधे खानापूरकडचं गाव, एवढं या चाकांवर फिरून झालं. घेताना मी फक्त डिझाइन बघितलं होतं. नऊ महिन्यांत त्या डिझाइननं एकदाही त्रास दिला नाही. जो दिला तो न दिसणाऱ्या भागांनी.

एक गोष्ट मात्र नशिबानं बरोबर निवडली, ती म्हणजे माप. दुकानदार १६ इंची घ्या म्हणून मागं लागला होता. मी १८५/६५ आर १५ वर अडून बसलो, कारण याच गाडीच्या वरच्या, झेडएक्सआय मॉडेलला तेच येतं. टायरवरचा पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच, तो. १८५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिमी. वर-खाली दोन्ही भिंती आणि मधली १५ इंची रिम धरली तर अख्ख्या चाकाची उंची ६२१ मिमीच्या आसपास येते. जुन्याची ६२० च्या आत-बाहेर होती. म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि जुनी १४ ची स्टेपनी वेळेला चालून जाते. १६ ला १९५/५० घेतला असता तर भिंत ९७-९८ मिमीवर आली असती. आमच्याकडच्या खड्ड्यात खाली रबर किती आणि हवा किती, यावरच रिम वाचते की नाही ते ठरतं.

आता मुख्य दुखणं. दुकानात तपासलं ते फक्त भोकांचं गणित. चार बोल्ट, आणि त्यांच्या मध्यातून जाणारं वर्तुळ १०० मिमी व्यासाचं. यालाच पीसीडी म्हणतात. जुळलं, चाकं बसली, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी काकती मागं टाकून हायवेला ८५ चा वेग धरला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. ७० ला काही नाही, १०० ला पुन्हा कमी. मी म्हटलं बॅलन्सिंग. दुकानात गेलो, मशीनवर शून्य-शून्य. पुन्हा तेच. तीनदा बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट, आणि शेवटी "सर, तुमचा रस्ताच तसा आहे" हे उत्तर. त्याच रस्त्यावर लोखंडी डिस्कवर नऊ वर्षं हात न लावता स्टिअरिंग सरळ राहायचं, हे कुणाला सांगणार?

उलगडा उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, झाला. आमच्या शेजारचे मामा तिथं तीस वर्षं लेथवर आहेत. एका रविवारी त्यांनी चाक काढायला लावलं, मापाचा व्हर्नियर घेऊन मधल्या मोठ्या भोकात घातला, मग हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधल्या उंचवट्यावर धरला.

"ह्ये बघ. भोक सदुसष्ट पॉइंट एक. हब चोपन पॉइंट एक. तेरा मिलीचा फरक हाय गा. चाकाला मध्यावर धरतंय कोण?"

झालं असं, की बाजारातले अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून मधलं भोक मोठंच ठेवतात. कंपनीच्या डिस्कचं भोक मात्र हबवर टोपीसारखं घट्ट बसतं, आणि तेच चाकाला मध्यावर आणतं. ते नसेल तर मध्य साधायचं काम चार नटांवर पडतं. नटाचं बूड निमुळतं असतं, रिममधली जागाही तशीच, त्यामुळं नट सारखे आवळले तर चाक बऱ्यापैकी मध्यावर येतं. कित्येक गाड्या तशा चालतात. पण चाक जमिनीला टेकलेलं असताना एका बाजूनं हवेच्या गननं खाडखाड आवळलं, की ते गाडीच्या वजनानं सरकलेलं असतं तिथंच आवळलं जातं. अर्ध्या मिलीचा फरकही हायवेला हातात जाणवतो. आणि बॅलन्सिंगच्या मशीनला हे कधीच दिसत नाही, कारण तिथं चाक धरतात तेच मुळी मधल्या भोकात शंकू घालून. मशीनवर ते मध्यावरच असतं!

मामांनी ॲल्युमिनियमच्या चार रिंगा कातून दिल्या, बाहेरून ६७, आतून ५४ वर बेतानं सैल. पैसे घेतले नाहीत, कुंदा घेतला. बसवताना बजावलं की वजन ही रिंग पेलत नाही. वजन पेलतं ते चाकाची पाठ हबवर दाबून बसल्यामुळं, आणि तो दाब नटांचा. रिंग फक्त मध्य दाखवते. चाक अधांतरी ठेवून नट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे, मग खाली टेकवून गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानंच आवळता येतं तो पाना) शेवटचं आवळण. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघायचं. त्या दिवसापासून ८५ ला थरथर नाही. (पावसाळ्यात एक रिंग हबला चिकटून बसली, लाकडी हातोड्यानं निघाली. आता बसवताना बोटभर ग्रीस लावतो.)

नटांची कथा वेगळीच. अलॉयच्या भोकात जुन्या नटाचा पाना शिरत नाही म्हणून दुकानदारानं बारीक, बाहेरून खाचा असलेले नट दिले. त्याला वेगळी किल्ली. चोरी होत नाही म्हणे. जानेवारीत आई आणि बायकोला घेऊन मंगेशीला निघालो होतो. जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या अलीकडं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. जॅक आहे, स्टेपनी आहे, पाना आहे. किल्ली घरी, देवघराच्या फळीवर. मोबाइलला रेंज नाही. एका दूधवाल्यानं जांबोटीला निरोप दिला, तासाभरानं पंक्चरवाला मोटारसायकलवर आला. नटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"की इल्ला? किल्ली नाही? मग अलॉय कशाला घातलाय, सर?"

त्यानं एक जुनी सॉकेट नटावर हातोड्यानं ठोकून बसवली आणि चारी नट तसेच उचकटले. प्रत्येक नटाला पाच-सात मिनिटं. आई रस्त्याकडेच्या दगडावर बसून सगळं बघत होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "तुझ्या बाबांच्या ॲम्बॅसडरला असलं काही नव्हतं." परत आल्यावर ते नट काढले, बारीक डोक्याचे पण साधे सहा बाजूंचे घातले आणि पातळ भिंतीची सॉकेट स्टेपनीच्या खोबणीत तारेनं बांधून टाकली.

ऑफसेट हा शब्द मला विकत घेताना माहीत नव्हता. चाकाची जी पाठ हबला टेकते ती रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती बाहेर आहे, तो आकडा. रिमवर ईटी लिहून कोरलेला असतो. माझ्या नव्या रिमचा हा आकडा जुन्यापेक्षा १० नं कमी आणि रुंदी ५ ऐवजी ६ इंच. हिशेब घातला तर बाहेरची कड सुमारे २३ मिमी बाहेर आली, आतली जेमतेम ३ मिमी आत. दिसायला गाडी रुबाबदार उभी राहते, खरं आहे. पण पावसात चिखल आता थेट दारांवर उडतो, शहापूरच्या बोळात गाडी लावताना स्टिअरिंग थोडं जड लागतं, आणि मागं तिघं बसून गतिरोधक ओलांडला की आतून एकदा खर्र होतं. शिवाय चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर ताण जास्त.

बेअरिंगचंच बघा. सातव्या महिन्यात पुढून डावीकडून घूं असा आवाज सुरू झाला. उजवीकडं वळलं की वाढायचा, कारण तेव्हा गाडीचा भार डाव्या चाकावर येतो. जॅकवर घेऊन एका हातानं चाक फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, तर बोटांना खरखर लागली. बदललं. हे अलॉयमुळं झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. गाडीनं तोवर ९० हजार ओलांडले होते.

अलॉय हलके असतात हा समज. मी चाकं टायरसकट ओळखीच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली. जुनं १३ किलो ८००, नवं १५ किलो ६००. एक इंच मोठं, एक इंच रुंद, मग हलकं कसं होणार? ॲव्हरेज १९ वरून १८ च्या खाली आलं. ब्रेक जास्त चांगले लागतात, कोपऱ्यावर गाडी कमी कलते. ते श्रेय रुंद टायरचं.

जूनमधली एक गंमत. गावाकडून, म्हणजे खानापूरच्या पुढून, लाल चिखलातून आलो. दुसऱ्या दिवशी निपाणीला जाताना पुन्हा ८० ला थरथर. पोटात गोळा आला, मामांची रिंग गेली वाटतं. चाक काढलं तर रिमच्या आतल्या पिंपासारख्या पोकळीत एका बाजूला ओंजळभर लाल माती वाळून घट्ट बसलेली. पाण्याचा फवारा मारला, थरथर गायब. बॅलन्सिंगला चिकटवतात ती वजनं पाच-दहा ग्रॅमची असतात. ओंजळभर माती म्हणजे काय झालं असेल बघा. लोखंडी डिस्कला वजनं कडेला चिमट्यानं अडकवलेली असायची. इथं आतून चिकटवलेली आहेत, त्यामुळं धुताना नोझल त्यांच्यावर रोखू नका, माझी एक पट्टी अशीच गेली.

ती माती काढताना आणखी एक सापडलं. डाव्या मागच्या रिमची आतली कड बोटभर लांबीत दबलेली. बाहेरून काही दिसत नव्हतं. स्पोक सगळे बाहेरच्या अंगाला, त्यामुळं खड्ड्याचा मार आतली उघडी कडच खाते. हवा आठवड्याला दोन-तीन पीएसआय उतरत होती, मी व्हॉल्वला दोष देत होतो आणि तो बदलूनही झाला होता. टायरची कड जिथं रिमवर बसते तिथं साबणाचं पाणी लावलं तेव्हा बुडबुडे आले. दुरुस्तीवाल्यानं दाब देऊन सरळ केली, पण आधी तडा नाही ना ते बघितलं. लोखंडी डिस्क वाकली की कुठल्याही गावात हातोड्यानं सरळ होते. अलॉय वाकण्याआधीच तडकू शकतो, आणि तडा गेलेली रिम वितळवून जोडून देतो म्हणणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही.

पुन्हा घेईन का? घेईन, पण पाच इंच रुंदीचे, जुन्याच ऑफसेटचे आणि व्हर्नियर खिशात घालून. जमल्यास झेडएक्सआयचे कंपनीचेच, वापरलेले. हंगामात संकेश्वरला उसाच्या ट्रॉल्यांमागं तासतासभर रखडताना चाकाचं डिझाइन शेजारच्या गाडीवाल्यालाच दिसतं.

जुन्या लोखंडी डिस्क माळ्यावर आहेत. मेहुण्यानं दोनदा विचारलं, विकायच्या नाहीत.