‘ऑइल ऑन कॅन्व्हस’ : कूलर बंद करून ऐकायचा निरोपाचा अल्बम

लंडनचा ‘जपान’ हा बँड 1982 च्या अखेरीस मोडला. त्यांचा हा दुहेरी लाइव्ह अल्बम 1983 मध्ये बाजारात आला आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला, तेव्हा बँड उरलाच नव्हता. रेकॉर्डिंग नोव्हेंबर 1982 चं, लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन या थिएटरमधलं. शेवटचा प्रयोग त्यानंतर डिसेंबरात जपान देशातल्या नागोयाला झाला, तो यात नाही. निरोपाचं भाषण, रडारड यांची वाट पाहू नका.

नुसतं ‘जपान’ शोधलं तर भलतंच काही येतं, म्हणून अल्बमचं नाव टाका. वावरात रेंज टिकत नाही, तेव्हा तालुक्याच्या गावी असतानाच सगळ्यात वरच्या क्वालिटीत उतरवून घ्या. शफल बंद आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळायची सोय) शून्यावर ठेवा. सुरुवातीला, मधोमध आणि शेवटी मिळून तीन नवे, बिनगाण्याचे स्टुडिओ तुकडे पेरलेत. क्रॉसफेड असला की त्यांची हळुवार सुरुवातच आधीच्या गाण्याखाली दबते.

अल्बमचा खरा जीव मिक कार्नच्या बास गिटारमध्ये आहे. गिटार पडद्यांशिवायची, त्यामुळे प्रत्येक सूर मींड घेत येतो. बासची सर्वात जाड तार 41 हर्ट्झवर बोलते. हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. लग्नाच्या डीजेवर उलटंच होतं, बास नुसता घुमतो आणि मींड बुडते. साधा वायरवाला इयरफोन घ्या, बास बूस्ट काढा, आवाज निम्म्याच्या खाली ठेवा.

‘घोस्ट्स’मध्ये ड्रमचा ठेकाच नाही. धातूवर ओरखडा काढल्यासारखे सिंथचे (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे) आवाज, मध्ये रिकामी जागा आणि गायक डेव्हिड सिल्व्हियनचा गळा, एवढंच. कूलरची घरघर नेमकी हीच रिकामी जागा भरून टाकते. मे महिन्यात कूलर बंद करणं कोणाला परवडतं? मग रात्री गच्चीवर किंवा पहाटे ऐका.

झाडीपट्टीत नाटकाला ऑर्गन वाजवणाऱ्यांनी बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड बार्बिएरीकडे कान लावावा. त्याचा प्रॉफेट-5 हा सिंथ एका वेळी पाचच सूर देतो, त्यामुळे दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड धरायची सोयच नाही. तसा आवाज काढायचा तर कीबोर्डचा ऑटो ठेका बंद करा, पॅड (लांब, मऊ आवाज) निवडा, अटॅक वाढवा म्हणजे सूर हळूहळू उमटेल, फिल्टर खाली आणा म्हणजे धार कमी होईल, आणि डावा हात मोकळा सोडा. रिव्हर्ब (घुमारा) मात्र कमीच ठेवा. मंडपात मुळातच आवाज फिरतो, त्यात रिव्हर्ब जास्त झाला की सूर एकमेकांत कालवतात.

खटकतं ते हे, की प्रेक्षकांचा आवाज फारच दाबलाय. ‘द आर्ट ऑफ पार्टीज’सारखी जलद गाणी म्हणूनच स्टुडिओत बसून वाजवल्यासारखी वाटतात. पाहुणा गिटारवादक मासामी त्सुचिया आहे, पण तोही जपूनच वाजवतो. लाइव्हची झिंग हवी असेल तर हा अल्बम घेऊ नका.

आधी फक्त ‘नाइटपोर्टर’ लावून पाहा: पियानोवर तीन-तीन मात्रांची संथ चाल, चांगलं लांबलचक गाणं. ते अर्ध्यात बंद करावंसं वाटलं तर बाकीच्यासाठी डेटा खर्च करू नका.